तिसरी हाक

थांब, रेवा, ते अजून मागवू नकोस. फोन ठेव बाजूला आणि ऐक नुसतं. परवापासून तीनदा विचारलंस, हिमाचलच्या ट्रेकला अस्वलासाठी काय नेऊ, स्प्रे का शिट्टी का बॅगेला लावायची घंटी, आणि मी तीनदा विषय बदलला. मला माहीत नाही म्हणून नाही गं. सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं म्हणून. चहा दे अजून अर्धा कप. हं.

तर वनखात्याच्या चौकीची ओसरी. एप्रिलचा शेवट, बुलढाण्याकडचं आमचं जंगल, संध्याकाळी सहालासुद्धा फरशी चटके देतेय. मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि माझ्यासोबत निनाद खेडकर, पुण्याचा, तोही आमच्याच वर्गातला. तीन दिवस जंगलातून पायी जायचं, ठरलेल्या रेषेवरून चारोळीची झाडं मोजायची, रोज नऊ-दहा किलोमीटर. आणि चारोळी पिकली की अस्वलं तिथंच असतात हे आम्हाला सरांनी अगदी शेवटी सांगितलं, गाडीत बसताना. "काळजी घ्या हं," असं.

निनादनं घेतली होती ना काळजी. बाजेवर त्यानं दुकान मांडलं. एक घंटी, एक शिट्टी, सहा सुतळी बॉम्ब, आणि एक लाल डबा, मिरचीचा स्प्रे, खास अस्वलासाठीचा, मागवून तीन आठवड्यांनी आलेला. आणि समोर उकर्डामामा तंबाखू मळत बसलेले. आमचे वाटाडे. वऱ्हाडात आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव उकर्डा ठेवतात, म्हणजे यमालाही त्याला न्यावंसं वाटू नये. साठीचे असतील. उंच, काटक, आवाज मात्र असा की समोरच्या टेकडीवर आपटून परत यावा.

त्यांनी घंटी उचलली, वाजवली. "हे कायले?"

"बॅगेला बांधायची, मामा. आवाज होत राहतो."

"तुमी बैल हाये काय? घुंगराच्या आवाजानं अस्वल जाईन, अन् बिबट येईन पाहाले, गोऱ्हा कुटी चुकला म्हनून."

सुतळी बॉम्ब तर त्यांनी बाजेवरून उचलून सरळ स्वतःच्या पिशवीत टाकले. "पान वाळून रायलं सारं. अस्वल जगन, जंगल जयन. जातानी परत देतो." शिट्टीकडं नुसतं बघितलं. "तोंड कोरडं पडलं की वाजत नाही ते." मग लाल डबा. "अन् याच्यात?"

"मिरची."

"मिरची! मंग भाजी बी नेता काय अस्वलासाठी?"

मी हसून हसून लोळले, आणि निनादच्या अंगाचा झाला तिळपापड. तो म्हणाला, थांबा, दाखवतोच. ओसरीच्या कडेला उभा राहिला, पिन काढली आणि दाबलं. मामा ओरडत होते, "वारा पाय, वारा पाय," पण तोवर झालं होतं. रेवा, तो लाल ढग एवढासा पुढं गेला आणि वळून आमच्याच अंगावर आला. चौकीतलं कुत्रं पळालं, मी ओकले, निनाद जमिनीवर बसून डोळ्यांना शिव्या देत होता. अर्ध्या तासानं मामा गमछ्यानं नाक पुसत म्हणाले, "चांगलं हाये बाप्पा तुमचं औषध. निम्म्यातच तीन जन मेले."

डबा अर्धा झाला होता, तरी निनादनं तो कमरेला लावलाच.

मग मामांनी त्यांचं सांगितलं. म्हणाले, "अस्वल वाघावानी मांगं मांगं येत नाही. त्याले दिसते कमी, आयकू बी कमी येते. खाली मुंडी घालून वारुळातली उधई खात रायते. आपुनच मुक्यानं जाऊन त्याच्या अंगावर पडतो. मंग ते घाबरते, अन् घाबरलं की डोक्शाले धरते. म्हनून तोंड बंद ठेवाचं नाही. मी म्हनन 'होऽ', मधातल्यानं म्हनाचं 'दोन', मांगच्यानं 'तीन'. ईस-पंचवीस पावलांनी. सारा दिवस. तिसरा बोलला नाही, की पाय जिथं असन तिथं थांबाचं. हे तुटलं नाही पायजे."

"आणि तुटलं तर?" मी विचारलं. उगाच.

"अकरा वर्सं झाले पोरी. कालेजचे पोट्टे नेले, साहेब लोक नेले. एकाले ओरखडा नाही. लोक नाव घेऊन येतात, उकर्डा हाये काय म्हनून. ज्या दिवशी माह्या हातून कोनी जाईन ना, त्या दिवसापासून जंगल बंद. मंग घरी बसून शेळ्या पाहीन."

तर ठरलं. मामांच्या हातात काठी, निनादच्या कमरेला अर्धा स्प्रे आणि तिघांच्या तोंडात हाक. मामा पुढं, मी मध्ये, निनाद मागं.

पहिल्या दिवशी मजा आली. खरंच. होऽ, दोन, तीन. होऽ, दोन, तीन. निनाद कधी रेडिओवाल्यासारखा म्हणायचा, कधी आमच्या सरांच्या नाकातल्या आवाजात. मामा पुढून हसायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी घसा असा झाला की थुंकी गिळताना कळ यायची. पाणी मोजून. त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री असेल, झाडाला सावलीच नाही, सगळं पान खाली पडलेलं आणि त्याचा चर्र चर्र आवाज. झाड दिसलं की टेप काढा, घेर मोजा, वहीत लिहा, परत होऽ, दोन, तीन. मला तर झोपेतसुद्धा ऐकू येत होतं. निनादच्या दोन्ही टाचांना फोड आले होते, तो रात्री सुई तापवून फोडत बसला.

तिसरा दिवस. साताला निघालो, नऊलाच ऊन डोक्यात. मला काय वाटत होतं सांगू? काहीच नाही. पाय चालत होते, ते माझे नव्हतेच. डोळ्यांसमोर मामांच्या काठीचं टोक, बास. आणि मागून निनाद म्हणाला, घोगरा, "दीपे, माझीपण दे ना दोनचार. घसा गेलाय माझा पार."

आता तुला माहितीये, मी कॉलेजात प्रॉक्सीसाठी किती प्रसिद्ध होते. सहा-सहा मुलांच्या हजेऱ्या मारायचे, मान खाली घालून, आवाज बदलून. निनादची तर दर सोमवारी सकाळची माझ्याकडंच असायची. एवढ्या वर्षांत एकदा पकडलं नाही कुणी. तर मामा म्हणाले, "होऽ." मी म्हटलं, "दोन." मग मान मागं वळवली, ओंजळ तोंडापुढं धरली आणि निनादच्या आवाजात, "तीऽन."

निनाद फिसकन हसला. मीपण हसले. मामांना कळलंच नाही.

परत होऽ. दोन. तीऽन. परत. दोन-चार झाल्या. निनाद म्हणाला, "बास, आता देतो मी." असं म्हणाला तो. मला आठवतंय. पण पुढची होऽ आली आणि माझ्या तोंडातून दोन्ही निघून गेल्या, आपोआप, गिरणीचा पट्टा फिरतो ना तसं. आणि निनाद काही बोलला नाही. तो तेव्हाच मागं पडला असणार, माझ्या ह्या पुढच्या हाका त्याला ऐकूच गेल्या नसणार. मी मागं बघितलं नाही. रेवा, मान वळवायचे ते कष्टसुद्धा नको झाले होते. पहिल्यांदा ओंजळ करत होते, मग तीपण सोडली. नुसतं दोन, मग जरा जाड आवाजात तीन. किती वेळ? वीस मिनिटं? अर्धा तास? वहीतल्या झाडांवरून नंतर हिशेब लावला मी, पाच झाडं मोजली होती मी तेवढ्यात. एकटीनं, मामा पुढं पाठमोरे, समोरचं रान बघत उभे. टेपचं दुसरं टोक रोज निनाद धरायचा. त्या पाच झाडांना मी ते सालीच्या खाचेत अडकवलं, आणि तरीही मला प्रश्न पडला नाही की निनाद कुठाय.

एका मोहाखाली मामा थांबले. पाण्याची बाटली काढली. वळले. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं.

"तिसरा कुटी हाये?"

मी वळले. पायवाट. पाचोळा. ऊन. कोणी नाही.

"आत्ता त तीन म्हनला तो," मामा म्हणाले. "इथंच असन, चाळीस-पन्नास पावलं. पडला काय? आत्ताच बोलला ना?"

आणि मी म्हटलं, "हो."

एवढंच. हो. मला वाटलं, असेलच ना तिथं वळणावर. उगाच आता काय सांगायचं, मामा रागावतील.

मामांनी पिशवी खाली ठेवली, काठी घेतली. "पोरी, तू आता बोलू नोको. आयकू दे मले. कन्हत असन कुटी त आवाज येईन." आणि ते निघाले, परत मागं, मुक्यानं. कळतंय का तुला? अकरा वर्षांत पहिल्यांदा तो माणूस त्या जंगलात तोंड बंद करून चालला, कारण त्याला वाटत होतं पोरगा हाकेच्या अंतरावर आहे. पाय अलगद टाकत, कान देत. मी मागून बघत होते. वळणाआड गेले.

मग मी ते ऐकलं. आधी अस्वलाचं. तो आवाज मी नाही सांगू शकत तुला, मोटरसायकल बिघडल्यासारखा आणि रडल्यासारखा एकदमच. मग मामांचा.

मी धावले. हातात काय होतं माहितीये? टेप. मोजायची टेप. वळणापलीकडं नाल्याच्या काठावर वारूळ होतं, अर्धं उकरलेलं, त्याच्या पलीकडं एक पिल्लू झाडाला मिठी मारून, आणि इकडं ती मादी मामांच्या अंगावर. काळं, नुसतं काळं, आणि खाली मामांचा पांढरा शर्ट. मी ओरडत होते. पुढं नाही गेले. दगड फेकला एक, तो कुठं गेला मला माहीत नाही.

आणि पलीकडून निनाद आला. एका पायात बूट, दुसरा बूट हातात, लंगडत, धावत. तो बूट टाकून त्यानं डबा काढला आणि अगदी जवळ जाऊन, इतकं जवळ की मी डोळे मिटले, दाबला. सगळा. संपेपर्यंत. मादी शिंकत, ओरडत बाजूला पडली आणि पाचोळ्यातून निघून गेली, पिल्लू तिच्या मागं. आणि मामा किंचाळायला लागले. अस्वल अंगावर होतं तेव्हा नव्हते किंचाळत इतके. उघड्या जखमेत मिरची गेली ना.

उजवा डोळा गेला होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत कातडं लोंबत होतं. मी सगळं पाणी ओतलं, माझी ओढणी बांधली, वर त्यांचा गमछा. फोनला रेंज नाही, चौकी साडेतीन किलोमीटर. निनाद म्हणाला, मी पाठीवर घेतो. मामांनी हात झटकला. उठून उभे राहिले. काठी मागितली.

आणि त्या ओढणीच्या आतून म्हणाले, "होऽ."

मी त्यांचा दंड धरला, निनाद टाकलेला बूट उचलायला वाकला.

"म्हना ना! पिल्लूवाली हाये, इथंच असन. होऽ!"

"दोन," मी म्हटलं.

"तीन," निनाद म्हणाला. रडत.

साडेतीन किलोमीटर, रेवा. अडीच तास. दर वीस पावलांनी. मामांचा आवाज बारीक होत गेला, तरी एक हाक चुकवली नाही त्यांनी. मध्ये दोनदा बसले. दुसऱ्यांदा बसले तेव्हा माझ्याकडं त्या एका डोळ्यानं बघून म्हणाले, "त्यानं तीन म्हनलं होतं पोरी. मी आयकलं होतं." मी म्हटलं, "मामा, बोलू नका."

दवाखान्यात तीन दिवसांनी जबाब घ्यायला वनखात्याचे साहेब आले. मामांच्या खाटेभोवती आम्ही सगळे, आमचे सरसुद्धा. निनादनं सांगितलं, खरंच सांगितलं, म्हणजे त्याला जेवढं माहीत होतं तेवढं. बुटात काटा घुसला म्हणून तो खाली बसला. फोड फुटला होता. हाक दिली नाही, कारण नियमच होता, तिसरा बोलला नाही की सगळे थांबणार. "मला वाटलं येतील परत. पण हे पुढंच गेले. नंतर मी हाका मारल्या तर घशातून आवाजच निघेना. बराच वेळ वाट बघत बसलो, मग बूट हातात घेऊन लंगडत निघालो."

साहेब मामांकडं वळले. "तिसरी हाक नव्हती तरी तुम्ही थांबला नाहीत?"

"आली होती साहेब. दर खेपी आली."

"हा मुलगा तर म्हणतो दिली नाही."

"आली होती. त्याचाच आवाज. मले का आयकू येत नाही?"

साहेब हसले. वाईट नव्हते गं ते, थकलेलेच होते. "मामा, वय झालं आता. कान तपासून घ्या एकदा." मग मला विचारलं, "मॅडम, तुम्ही मध्ये होता. तुमचं काय?"

निनाद माझ्याकडं बघत होता. त्याला दोन-चार हाकांचं माहीत होतं, पण पुढचं नाही. तो 'बास, देतो मी' म्हणाला होता ना. त्याच्या लेखी ते तिथंच संपलं होतं. सर बघत होते. मी म्हटलं, "माझं लक्ष झाडांकडं होतं, साहेब."

लिहून घेतलं. सही केली मी.

सगळे बाहेर गेले. निनादभोवती दोन वार्ताहर होते, प्राण वाचवले म्हणून. वाचवलेच होते त्यानं. मी पाणी ठेवायला थांबले, तर मामांनी माझं मनगट धरलं.

"पोरी, आता कोनी नाही. खरं सांग. मले त आयकू आली तिसरी हाक, शपथ घेऊन सांगतो. पन तो पोट्टा लबाड नाही. मंग माह्याच कानात वाजून रायलं काय? सवयीनं? जे नाही ते आयकू येते काय मले?" श्वास घ्यायला थांबले. "तसं असन त सांग. मी परत कोनाले नेनार नाही. कोनाचं लेकरू मारीन मी अशानं. अन् तसं नसन... त मंग एका डोयानं बी नेता येते. वाट त पायाले पाठ हाये."

दारातून सर म्हणाले, "दीपाली, चला, गाडी उभी आहे."

मी तीन रात्री झोपले नव्हते. ही सबब नाही, झोपले नव्हते एवढंच. मला फक्त ते मनगट सुटायला हवं होतं. मी म्हटलं, "मामा, तिसरी हाक नव्हती आली."

त्यांनी मान हलवली. हात सोडला. आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलं बाई. दुसरं कोनी असतं त मन राखासाठी खोटं बोललं असतं."

याला सहा वर्षं झाली. निनाद कॅनडाला आहे, त्याला अजून माहीत नाही. मी गेल्या दिवाळीत गेले होते मामांच्या गावी. सांगायलाच गेले होते, अगदी ठरवून, एसटीत वाक्यंसुद्धा पाठ केली होती. मामा घरापुढच्या ओट्यावर बसले होते, पाठमोरे, शेळीच्या पायातला दोर सोडवत. त्यांच्या बायकोनं मला आधीच सांगितलं, जोरात बोल बाई, कानानं गेले ते, जबाबाच्या वेळेलेच कळलं होतं. सारं गाव ओरडूनच बोलतं त्यांच्याशी. मी कुंपणाच्या बाहेर उभी होते, दहा-बारा पावलांवर. आणि मी काय केलं, अगदी हळू, आता तुझ्याशी बोलतेय त्याहून हळू म्हटलं, "मामा."

त्यांनी लगेच मान वळवली. "कोन? दीपा काय वं?"

बायको म्हणाली, पाहिलं असन तुले त्या डोयानं. पण त्यांनी नव्हतं बघितलं गं. माझ्याकडं वळली ती चेहऱ्याची बाजू तर गेलेलीच.

त्यांनी मला चहा दिला. नवीन पोरं आता गावातून लोकांना जंगलात नेतात, त्यांना हाक द्यायला मामांनीच शिकवलंय म्हणे. आणि दर दोन वाक्यांनी मामा कानामागं हात धरून म्हणायचे, "काय म्हनलं?" मी बोललेलं सगळं त्यांना पहिल्याच वेळी ऐकू येत होतं, मला दिसत होतं ते, पण त्यांना स्वतःलाच विश्वास नव्हता. निघताना शेजाऱ्याला म्हणाले, "हे ते पोट्टी. हिनं खरं सांगितलं म्हनून पुढचं पाप टळलं माह्या हातून."

तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. शेजारी बघत होता, त्यांची बायको माझ्या पिशवीत सीताफळं भरत होती, आणि तो माणूस हसत होता त्या अर्ध्या चेहऱ्यानं. सहा वर्षं ज्याच्या आधारावर घरी बसलाय तेच काढून घ्यायचं, आणि त्या जागी काय ठेवायचं? की मामा, तुमचे कान चांगले होते, फक्त मी वाईट होते?

साडेपाचची एसटी लागली होती. मी बसले.

नाही, तू लगेच बोलू नकोस. मला बरं वाटावं म्हणून तर अजिबात नको. फक्त एवढं सांग रेवा, तिथं, त्या ओट्यावर, तू काय केलं असतंस?